एक वायर जास्त

प्रिय सुखदा,

रविवारी मी आलो नाही. काकूंनी लग्नाच्या बैठकीची सगळी तयारी केली होती, माझ्या आईला आणायला तू वाकडहून परस्पर कॅब ठरवली होतीस, आणि मी फोन बंद करून मोशीच्या खोलीत बसून होतो. तुझे एकवीस मेसेज मी नंतर वाचले. शेवटचा एवढाच होता, हो की नाही ते तरी लिही. तुझ्या बाबांना जाऊन वर्ष व्हायच्या आत कार्य उरकावं असं काकूंच्या मनात आहे, हेही मला माहीत आहे. सुखदा, मला हो म्हणायचंय. ताथवड्याच्या कॉलेजात असल्यापासून मला दुसरं काही म्हणायचंच नव्हतं. पण आधी तू हे वाच, मग हो की नाही ते तू ठरव. मेसेजमध्ये तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं, म्हणून कागद घेतला. कागदावरचं पुसता येत नाही.

माझं डोकं कसं आहे ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तुझ्याबद्दल वाकडं बोलला म्हणून त्या पोराचा दात पाडला, माफी माग म्हणाले तर प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र फेकून बाहेर पडलो, आणि तिसरं वर्ष तिथेच राहिलं. त्यानंतर काकांनी तुला माझं नावही काढू दिलं नाही. मला रहिमानभाईंनी हाताशी धरलं. चिखलीत त्यांचं छोटं दुकान आहे, ऑफिसांमधून वायरी ओढायची कामं घेतात. शिव्या देत शिकवलं त्यांनी, पण शिकवलं. आता पुढचं जरा सविस्तर लिहितो. तुला आयटीवालीला ते सांगायला नको, पण काकूंना वाचून दाखवायची वेळ आली तर त्यांना कळायला हवं.

फेब्रुवारीत चाकणच्या त्या कंपनीत मला पाठवलं. पुढच्या ऑफिसात आठ वायरींचा स्विच होता, म्हणजे तो चपटा डबा, ज्यात सगळ्या टेबलांच्या वायरी येऊन मिळतात. त्यात एकच जागा उरली होती. मागे स्टोअरमध्ये चार नवे कॉम्प्युटर यायचे होते, म्हणून तिथे दुसरा डबा बसवायचा आणि दोन्ही डबे एका वायरीने जोडायचे, एवढंच काम. रहिमानभाईंचा नियम मला झोपेतही पाठ आहे. दोन डब्यांच्या मधे एकच वायर, भावा, आणि ती लावली की हात खिशात. पाच मिनिटं दिवे बघ, चार टेबलांवर जाऊन विचार, मगच पुढच्याला हात लाव.

तुझे बाबा चाकणला असतात एवढंच मला ठाऊक होतं. चाकणला कंपन्या काय कमी आहेत? जाळीचं दार ढकलून स्टोअरमध्ये गेलो तर समोर काका. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. ओळखलं त्यांनी. चहा घेतलास का विचारलं, स्वतःची खुर्ची सरकवून मला जागा करून दिली. मी वायरीची टोकं बसवत होतो ते बराच वेळ बघत उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "हात चांगला आहे रे तुझा. पण डोकं अजून तिथंच आहे. दोन स्थळं परत पाठवली तिनं. मोकळं कर तिला."

हे मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. तिथेच भांडलो असतो तर बरं झालं असतं, कारण तो राग सगळा हातात उतरला. पुढच्या डब्यातून आणलेली नवी वायर नव्या डब्यात लावली. काकांच्या टेबलाला पुढच्या ऑफिसातून येणारी जुनी वायर होती, ती उपटून तीही त्याच डब्यात खुपसली, आणि काकांना डब्यातून एक तुकडा जोडून दिला. जुन्या वायरीचं दुसरं टोक पुढच्या डब्यातून काढायचं होतं. ते काढलं नाही. पाच मिनिटं दिवे बघितले नाहीत. कुणाला काही विचारलं नाही. काका मागून काहीतरी म्हणत होते, मी वळूनही बघितलं नाही. गेटवर जमा केलेला मोबाइल घेतला आणि टपरीवर जाऊन पंचवीस मिनिटं तुझा फोटो बघत बसलो.

परत आलो तर पुढच्या ऑफिसात नेट गेल्याची ओरड. दोन्ही डबे जास्तीच्या वायरीने एकमेकांत गुंतले होते, तेच ते गोल फिरून सगळी लाइन तुंबली होती, सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत होते. मी जुनी वायर काढली आणि क्षणात सगळं शांत झालं. पुढच्या टेबलावर फोन घेणाऱ्या सुमनताई म्हणाल्या, आलं बाई एकदाचं. लाइनचाच काहीतरी घोळ होता असं मी सांगून टाकलं. तेवढ्यात मागून फोर्कलिफ्टवाले साहेबराव ओरडत आले. काका खाली पडले होते. टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर वायरीला लोंबत होता.

गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अर्धा तास आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले ते तूही ऐकलंस. आणि तू मला काय म्हणालीस ते आठवतं? तू होतास म्हणून बाबा एकटे गेले नाहीत. चार वर्षांनी तू माझा हात धरलास तो त्या वाक्यावर. मी तो धरू दिला.

तेराव्याला सुमनताई आल्या होत्या. मी तेव्हा तुमच्या हॉलमध्ये पाण्याचे ग्लास फिरवत होतो. सगळ्यांच्या देखत तू त्यांना म्हणालीस, "तुम्ही जागेवर असता तर माझे बाबा असते." त्या म्हणाल्या, फोन वाजलाच नाही हो. कुणी विश्वास ठेवला नाही, कारण नंतर तपासला तेव्हा फोन ठणठणीत होता. पुढच्या आठवड्यात कंपनीनं त्यांना काढलं. मी ग्लास गोळा केले आणि घरी आलो.

तेव्हापासून कुठल्याही ऑफिसात गेलो की आधी रिसीव्हर उचलून कानाला लावतो. आवाज येत असतो. तरी दुसरा उचलतो, तिसरा उचलतो, लोक हसतात. परवा भोसरीत भर दुपारी एका जाळीच्या पलीकडे पांढरा शर्ट दिसला, पाठमोरा, रिसीव्हर कानाला लावून उभा. मी थांबलो. तो माणूस नंबर फिरवी, ऐकून बघी, पुन्हा फिरवी. काका, लागला का, असं मी विचारलंसुद्धा. जवळ गेलो तर नुसती खोकी होती. तुमच्या घरी मी तुझ्याशेजारी बसतो ना, तेव्हा काकांच्या फोटोकडे पाठ करून बसतो. तुझ्या लक्षात आलं असेल.

गेल्या शुक्रवारी देहूरोडला एका शाळेचं काम होतं. बाजारात सुमनताई भेटल्या. पाच महिन्यांत काम मिळालेलं नाही. जिथे जातात तिथून आधीच्या कंपनीत चौकशी होते आणि संपतं. त्याचंही त्यांना एवढं वाटत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मलाच आता खात्री वाटेना रे. उठलेही असेन मी. पाणी प्यायला गेलेही असेन." सुखदा, त्या उठल्या नव्हत्या. त्या ऑफिसातले फोनसुद्धा त्याच वायरींवर चालतात. मी टपरीवर होतो ती पंचवीस मिनिटं तिथला एकही फोन वाजू शकत नव्हता. काकांचा मोबाइल गेटवर, बाहेर मशिनींचा आवाज, आणि हातात होता तो फोन मी मारून ठेवला होता. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. काल रहिमानभाईंना सांगितलं. त्यांनी शिवी दिली नाही, नुसतं म्हणाले की उद्या मीही येतो. उद्या दहाला आम्ही दोघं चाकणला कंपनीच्या मालकांकडे जाऊन लेखी देणार आहोत, तिथून सुमनताईंकडे. पोलिसांत द्यायचं ठरवलंस तर बोलावशील तिथे येईन. माफी मागत नाही, ती मागायची माझी लायकी नाही. मागायचंय ते एकच. तेराव्याला तू त्यांना बोललीस ते माझ्या कागदाने पुसलं जाणार नाही. एकदा देहूरोडला जा आणि तू स्वतः त्यांना सांग, की त्या जागेवरच होत्या.

हे वाचून होईपर्यंत तरी तुझाच,
क्षितिज