लाल कंदाच्या गोळ्या

४ ऑगस्ट
आईने गावाहून, हुनीनहून, माकाच्या कंदांचं पोतं पाठवलं. बसवाल्याने ते इथे वानकायोच्या थांब्यावर धप्पकन टाकलं आणि वर मलाच म्हणाला, "एवढीशी बाई आणि एवढं खाते?"
खाते! या कंदावरच तर वाढले. वाळलेले गड्डे रात्री भिजवायचे, सकाळी दुधात शिजवून लापशी. त्यावर डोंगर चढून उतरता येतो.
नोव्हेंबरात लीमाला मॅरेथॉनची निवड. यंदा पेरूच्या संघात जायचंच.

९ ऑगस्ट
सरावाला आनालीही होती. आमचे कोच फॉर्तुनातो सर, त्यांची लेक, अजून शाळेत. चढावरसुद्धा गाते, तेही टिपेच्या सुरात! सर ओरडतात, "श्वास जप गं, जत्रेत गायला नाही आलीस!" की ती सूर आणखी वर नेते.
मग नेहमीप्रमाणे गोळ्या. आम्हा मोठ्या मुलींच्या हातावर सर स्वतः ठेवतात, गिळेपर्यंत समोर उभे. डबीवर लिहिलंय – शुद्ध लाल माका, हुनीन. "तुझ्याच गावचा," म्हणतात. आनालीने हात पुढे केला तर चापट. "तू लहान आहेस."

२३ ऑगस्ट
याही महिन्यात पाळी नाही. सर म्हणाले, "चांगलंच की! अंग तयार झालं." हे पुरुषाने सांगायचं!

१ सप्टेंबर
हनुवटीवर केस. चांगले राठ. चिमट्याने उपटले. पळते मात्र झकास.

२ सप्टेंबर
डोक्यात उजेड पडला! पोतं ओतून बघितलं – निम्मे कंद काळे. लाल बायकांचा, काळा पुरुषांचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आईला फोनवर फैलावर घेतलं.
"काळा खाऊनच तू पोटात राहिलीस, नि मला नाही फुटल्या मिशा!" ती म्हणाली. मग एकदम, "घसा बसलाय का गं तुझा?"
मी फोन ठेवून दिला. लापशी बंद. गोळ्या चालू – त्या लाल ना!

१५ सप्टेंबर
केस वाढतायतच. आज आनाली चढावर माझ्या बरोबरीने. वयाचा जोर! सर्दी झालीय म्हणे, गाणं बंद. कानांना तेवढीच विश्रांती.

२२ सप्टेंबर
दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद समोर धरला. "हे टेस्टोस्टेरॉन एखाद्या दाढीवाल्याचं वाटतंय. इस्ट्रोजेन तर पार तळाला. काय खातेस?"
"माका."
"माकाने हे असं होत नाही. आणखी काय?"
घरी सुट्टीच्या दिवसांसाठी सरांनी दिलेली डबी होती; तिच्यातल्या एका गोळीचं कवच उघडलं. आत पांढरी भुकटी. जिभेवर ठेवली – कडू जहर! माकाचा वास नाही, चव नाही. तो उग्र-गोड वास मी झोपेतही ओळखेन. आणि इतके दिवस आत काय आहे ते एकदाही बघितलं नाही. का? तर डबीवर गावाचं नाव होतं! वर बोल लावला आईला. खूप रडले.

२४ सप्टेंबर
सरांना विचारलं. त्यांनी लपवलंही नाही. "सगळेच घेतात. निवडीच्या आधी बंद करायच्या, लघवीत काही सापडत नाही."
"मग आनालीला का देत नाही?"
सर बुटाची नाडी बांधत बसले. मग म्हणाले, "तोंड उघडलंस तर बंदी तुझ्यावर येईल, नेली. अंग तुझं आहे."
खरंय ते. म्हणून तर जास्त चीड येते!

२७ सप्टेंबर
ठरलं. गोळ्या बंद – आणि तोंडही बंद. बंदी आली तर मी पळायची कधी, म्हातारपणी? लीमाला जायचं, मुकाट पळायचं. डबी सरांना परत केली.
आईची माफी मागितली. "काळे निवडून टाक हवं तर," म्हणाली. नाही टाकणार. उद्यापासून परत लापशी.

८ ऑक्टोबर
पाय हलके वाटत नाहीत. गोळ्यांचा जोर उतरतोय. तरी निवड होईल, वाटतं. रात्री बाकी मुलींच्या हातावर गोळ्या ठेवणारे सर आठवतात आणि स्वतःचीच लाज वाटते. कुणाला सांगणार?

१२ ऑक्टोबर
फोन वाजला. जाडा, घोगरा आवाज. मी म्हटलं, "बोला सर."
पलीकडे हुंदका. "ताई, मी आनाली. बाबांच्या डबीतल्या गोळ्या मी चोरून घेत होते... तुझ्यासारखं पळायचं होतं गं. मला सर्दी नाहीये. गाता येत नाही, आवाज वर जातच नाही."
आधी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. मग लीमाला, संघ निवडणाऱ्यांकडे. सगळं सांगायचं – माझ्या नावासकट.