सासूबाईंचा डावा हात

३ नोव्हेंबर, सोमवार

आलं! कल्याणच्या कार्टूनवाल्यांचं उत्तर आलं. घरबसल्या काम देतील, पण आधी परीक्षा. एक माणूस काढायचा आणि लॅपटॉपवर त्याचे भाग सोडवायचे — डोकं, डोळे, तोंड, हात, प्रत्येकाचा वेगळा लेयर. मग ते त्याला हलवणार, बोलतं करणार. पुढच्या सोमवारपर्यंत पाठवायचं.

आदेशचं ठरलेलं — "या टायमाला नाय झालं तर वाशिंदला पॅकिंगला लाग." लग्नाआधी याच माणसाला माझी चित्रं फार आवडायची!

४ नोव्हेंबर, मंगळवार

काढायचं कोणाला? घरात एका जागी बसून राहणारं माणूस एकच — सासूबाई. ओटीवर बैठक. डावा हात पदरावरून छातीशी धरलेला, उजव्या हाताने सगळ्या घराला हुकूम. पूर्वी भाताच्या झोडणीला बाकीच्या बायकांना मागे टाकायच्या म्हणे. यंदा खळ्यावर एक पेंढी उचलली नाही! विचारलं तर म्हणे वय झालं. आवाजाचं वय मात्र झालेलं नाही.

हुबेहूब उतरल्या. भुवई जरा जास्त चढली, पण ती तशीच असते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज सासूबाईंचं तोंड सोडवलं. त्या लेयरशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की तोंड गायब! पुन्हा क्लिक केलं की हजर. बराच वेळ तेच करत बसले. लग्नानंतर एवढी करमणूक पहिल्यांदाच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

घोटाळा झाला. सासूबाई कप ठेवायला आत आल्या आणि स्क्रीनवर त्यांचाच हात एकीकडे, धड एकीकडे! "काय करतंस गो? जित्या माणसाचं तुकडं?" लगेच शेजारच्या जनीमावशीला हाक. मावशीने बघितलं आणि म्हणाली, "उद्या हिच्या हाताला काय झालं मंजे?"

मंजे काय, संध्याकाळी झालंच. खांद्यापासून हात दुखतो म्हणे. आदेश कामावरून आला तो माझ्यावरच उखडला — "आधी आईचा हात लाव!" लावला. दुखणं काही थांबलं नाही. कसं थांबेल? नाटकाला लेयर नसतात.

८ नोव्हेंबर, शनिवार

मायलेकांचा अबोला. जेवण मात्र वेळेवर लागतं.

९ नोव्हेंबर, रविवार

आदेश मुरबाडला बाजाराला गेला. संधी साधून हात पुन्हा सोडवला. आता खरी अडचण — हात उचलला की खाली पांढरं भोक. त्याच्यामागे काही काढलेलंच नसतं ना! ते आपल्या मनाने भरायचं. मी साडीचा हिरवा रंग ओढून घेतला, काठ जुळवला. सपाट, स्वच्छ. हात कुठेही हलवा, कळणार नाही. मीच माझ्यावर खूश!

मागे वळले तर सासूबाई उभ्या. म्हटलं, आता पुन्हा जनीमावशी. पण ओरडल्या नाहीत. स्क्रीनकडे बघत होत्या.

"हाताखाली काय काढलंस?"

"साडीच, आई. दुसरं काय असणार तिथे?"

त्या आत गेल्या. जिंकले! उद्या सकाळी फाइल पाठवते.

१० नोव्हेंबर, सोमवार

फाइल तशीच आहे. आदेश कामावर गेला तशी सासूबाईंनी दार लावून घेतलं. माझा हात धरला आणि पदराखाली, त्यांचा डावा हात असतो तिथे ठेवला. "इथं सपाट नाय गो. गाठ हाय. होळीपासना." आवळ्याएवढी लागली. "पोराला काय सांगू? तूच चल."

दवाखान्यात जायला शहापूरच्या जीपची वाट बघत बसलोय. त्या काही बोलत नाहीत. मला त्यांचं तोंड परत हवंय.