पितळी स्क्रू

बाबा, तुमचं मशीन सापडलं. वागळे इस्टेटमधल्या एका भंगाराच्या दुकानात, मिक्सरच्या फुटक्या भांड्यांखाली. जुने घरगुती कॉम्प्युटर जमवायचा नाद लागलाय मला. घोडबंदर रोडवरची माणसंही फोटो पाठवून विचारतात, "ताई, हे कुठलं मॉडेल?" मी म्हणते, आधी उलटं करा, कूळ-मूळ सगळं पाठीवर असतं. हेही तसंच उलटं केलं. चार स्क्रू काळे, पाचवा पितळी. एक हरवला म्हणून तुम्ही कारखान्यातून आणून बसवलेला. दुकानदार म्हणाला, "नुसता की-बोर्ड आहे ओ तो, काय करणार घेऊन?" मला तिथेच रडू फुटलं.

डोंबिवलीच्या आपल्या दोन खोल्यांत टीव्ही एकच, आणि मशीन जोडायचं त्यालाच. म्हणजे रविवारचा सिनेमा बंद. गिअरच्या दात्यांचं गणित सोडवणारा प्रोग्राम तुम्ही कित्येक महिने लिहीत होतात आणि साध्या कॅसेटवर साठवत होतात. टेपवर लावली की नुसती किर्र किर्र; तोच तुमचा प्रोग्राम. मग एका रविवारी कारखान्याचे साहेब बघायला आले. आईने पोहे केलेत, तुम्ही नवा शर्ट घातलाय. साहेबांना आधी ती किर्र ऐकवावी म्हणून तुम्ही बटण दाबता, आणि टेपमधून सिनेमातलं गाणं सुरू होतं. "काय हो, तुमचं मशीन गातं की!" साहेब पोट धरून हसतात. तुम्हीही हसलात. ते गेल्यावर आईवर ओरडलात, "अक्कल गहाण टाकलीस का? सगळी मेहनत पाण्यात घातलीस!" आई म्हणाली, "मला कुठे कळतं त्यातलं? लागला असेल माझा हात." मी बशा उचलत होते. मशीन माळ्यावर गेलं आणि तुम्ही पुन्हा ते कधी खाली काढलं नाहीत. तुम्ही गेल्यावर आम्ही ते भंगारात दिलं.

आता ते पुन्हा चालतं, बाबा. कॅसेटही मी जपून ठेवलीय. गाणं संपल्यावर तुमची थोडी किर्र उरलीय, पण तेवढ्यावर प्रोग्राम उभा राहत नाही. खूप करून पाहिलं. ती किर्र म्हणजे काय, हे मला तेव्हाही नीट ठाऊक होतं. सिनेमा बुडतो म्हणून चिडून मीच त्यावर रेडिओवरचं गाणं भरलं.

आई पलीकडच्या खोलीत शेंगा सोलतेय. मशीन बघून सकाळी म्हणाली, "माझ्यामुळे बंद पडलं गं हे." मी मशीन पुसत राहिले. तिला सांगायचं ते तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही काही विचारणार नाही.