छत्तीस व्होल्टचा डबा

बेझेरोस, ३ जुलै

प्रिय जुसेलिया,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी वाटेल की बाबाचा फोन हरवला. हरवलेला नाही. समोर टेबलावरच आहे, आणि सकाळपासून तीनदा तुझा नंबर लावून वाजायच्या आत मी तो बंद केलाय. फोनवर तू मध्येच "बाबा, जेवलास का?" विचारतेस, आणि मग मी जेवणाबद्दलच बोलत बसतो. म्हणून कागद घेतला. एवढ्या चार ओळी लिहीपर्यंत दोनदा उठून अंगणात फेऱ्या मारून आलो. विषय इकडेतिकडे गेला तर सांभाळून घे.

अंगठा आहे तसाच आहे. उंबुराना लाकडाच्या फळीवर चाकू दाबला की मनगटापर्यंत कळ जाते. रेषा अजून काढता येतात, पण रेषांच्या आजूबाजूचं लाकूड उकरायला पूर्वी एक सकाळ पुरायची, तिथे आता चार दिवस जातात. छापखानेवाला चोपड्यांच्या मुखपृष्ठांच्या लाकडी ठशांसाठी दारात येऊन बसतो आणि मी त्याला कॉफी पाजून परत पाठवतो. गेल्या वर्षी हे मी तुला सहज बोलून गेलो, तर तू लगेच म्हणालीस, "उकरायचं काम मशीन करेल, रेषा तू कोर. मशीन मी बनवते." मी तेव्हा हसलो होतो, पण आतून छाती फुगली होती माझी.

कारुआरूच्या बाजारातला तो दिवस आठवतो? दुकानदाराने लाल भोपळ्याएवढी मोटर काढून ठेवली. मी तिथूनच तुला फोन लावला की हीच घेतो, बैलासारखी आहे. तू म्हणालीस, "बाबा, तुला नांगर ओढायचाय की चित्र कोरायचंय?" मग भर दुकानात, लोक ऐकताहेत, आणि तू फोनवरून माझी शाळा घेतलीस. ही मोटर नुसती गरगरत नाही, पावलं टाकते, एका फेऱ्यात दोनशे. अवजड मोटरला कमी व्होल्ट दिले की ती रांगते. घाई केलीस तर पावलं चुकवते, आणि चुकल्याचं तिला स्वतःला कळतही नाही, पुढचं सगळं चित्र खुशाल भलत्या जागी कोरत सुटते. तेव्हा मोटर मध्यम घ्यायची आणि व्होल्ट जास्त द्यायचे. दुकानदार म्हणाला, मग अठ्ठेचाळीसचा पॉवर सप्लाय न्या. तू म्हणालीस, मोटरला वीज पुरवणारे ड्रायव्हर पन्नासपर्यंतच सोसतात, काठावर कशाला चालायचं, छत्तीस पुरेत. मोटरा मी तिथेच घेतल्या, छत्तीसच्या सप्लायचा डबा तू तिकडे दक्षिणेत, तुझ्या वर्कशॉपमध्ये तपासून घेणार असं ठरलं. दुकानदार मला म्हणाला, "मास्तर, तुमची पोरगी फारच भित्री हो." मी म्हटलं, भित्री नाही, नीट आहे. वाटेत बसमध्ये शेजारच्या माणसालाही मी हे सगळं सांगितलं, तो बिचारा झोपेला आला होता.

ठरलं असं होतं की साओ जोआवच्या सणाला जूनमध्ये तू डबा घेऊन येशील, आठ दिवस राहशील आणि आपण दोघं मिळून मशीन जोडू. मी सांगाडा करून ठेवला. तुझ्या झोपायच्या झोळीच्या दोऱ्या बदलल्या. पलीकडच्या झुलेदीला इतक्यांदा सांगितलं की ती म्हणाली, "कळलं हो, येतेय तुमची राजकन्या, आता मला भांडी घासू द्या." आणि एप्रिलच्या शेवटी डबा पोस्टाने आला. सोबत तुझा व्हिडिओ. कुठली तार कुठे, रंगाप्रमाणे, सगळं अगदी छान समजावलं होतंस. शेवटी म्हणालीस, "आता तुझं तू करशील बाबा, माझी रजा वाचेल. डिसेंबरला बघू." तुझी आई गेल्यापासून हे तिसरं बघू. मी तुला अंगठा वर करून पाठवला, तोच दुखरा.

पुढचं तुला माहीत आहे, म्हणजे मी सांगितलं तेवढं. मे महिन्यातल्या त्या दुपारी डबा भिंतीच्या प्लगला लावला, स्फोट झाल्यागत आवाज झाला आणि धूर निघाला. झुलेदी बादली घेऊन धावत आली. मी ओरडलो, पाणी नको, वीज आहे. ती म्हणाली, "मग काय नारळपाणी ओतू?" मी तुला फोन केला आणि एवढंच म्हणालो की पोरी, डब्याचं व्होल्ट निवडायचं लाल बटण एकशेपंधरावर, म्हणजे तुमच्या तिकडच्या विजेवर होतं. इथे हे कुणाला नवीन नाही. दक्षिणेतून परत आलेला माणूस पहिल्या आठवड्यात एखादा मिक्सर जाळतोच, तुमच्याकडे भिंतीत एकशेसत्तावीस आणि आमच्याकडे दोनशेवीस. तू एकही उलट प्रश्न विचारला नाहीस. नुसतं म्हणालीस, "बाबा, मी तुला मारून टाकलं असतं."

मला वाटलं, आता तू येशील. तू आली नाहीस. नवा डबाही पाठवला नाहीस, फोन आठवड्यातून एकावर आला. सणाला दारापुढे होळी पेटवली, कारण नसती पेटवली तर शेजाऱ्यांनी विचारलं असतं. झुलेदी मक्याची खीर दोन वाट्यांत घेऊन आली आणि म्हणाली, "मुलगी कुठाय? की तिलाही पोस्टाने मागवलीत?" दोन्ही वाट्या मीच संपवल्या.

आणि परवा तू बोलता बोलता सांगितलंस की वर्कशॉपमध्ये तू दुरुस्तीच्या टेबलावरून काउंटरवर बदली मागितलीस. "जिला एक बटण बघता येत नाही, तिने लोकांच्या मशीनला हात लावू नये." हसत म्हणालीस. तेव्हापासून मी एका जागी बसू शकलेलो नाही. सकाळी फळी घेतली आणि घोड्याला पाच पाय कोरून ठेवले.

जुसेलिया, तुझं बटण दोनशेवीसवर होतं. तू ते बघितलं होतंस, बरोबर ठेवलं होतंस, आणि वर पांढरी चिकटपट्टी लावून लिहिलं होतंस, "२२०. बाबा, हात लावू नकोस." ती पट्टी मी सोलून काढली. मग माझा सगळ्यात बारीक चाकू डब्याच्या फटीतून आत घालून बटण एकशेपंधरावर सरकवलं. ते दोन आकडे मला कळतात, सगळं आयुष्य इथे गेलंय. वाटलं, फार तर आतला फ्यूज उडेल आणि तू दुरुस्त करायला येशील. मला मशीन नको होतं गं, तू हवी होतीस, आठ दिवस. "ये" असं नुसतं म्हणता आलं असतं, ते तोंडातून निघालं नाही. त्याऐवजी तुझी चूक नसताना ती तुझ्या माथी मारली आणि दोन महिने गप्प बसलो. मला लाज वाटते. ती पट्टी या कागदाच्या मागे चिकटवली आहे, अक्षर तुझंच आहे, बघ. तुझ्या साहेबांना दाखव, हवं तर सगळं पत्र वाचून दाखव. माझ्यावर रागाव, डिसेंबरलाही येऊ नकोस. पण हे पत्र मिळालं की दुसऱ्या सकाळी आपल्या दुरुस्तीच्या टेबलावर जाऊन बस.

तुझाच,
बाबा