दोन बोटं खाली

आष्टा,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय भागू,

आज साताऱ्याला जाऊन आलो. ज्येष्ठ नागरिक संघाची सहल होती. सकाळी सहाला नगरपालिकेपासून गाडी सुटली. कराडला चहा झाला. नऊ वाजता पुष्पविलास बंगल्यावर पोचलो. आधी बंगला बघितला, मग बागेत बसून सगळ्यांनी डबे खाल्ले. साडेतीनला निघालो, घरी यायला साडेसहा झाले. दिवस मावळला होता म्हणून आपल्या नेमाप्रमाणं जेवलो नाही. हातपाय धुऊन हे लिहायला बसलो आहे.

फोन का नाही केला, असं तू म्हणशील. पण फोनवर आपलं 'जेवलात का', 'गोळी घेतली का', 'बरं ठेवते' याच्या पुढं जात नाही. मार्चपासून हे असंच आहे. तुला दोष देत नाही. आई गेली त्या दिवशी तिला मिरजेच्या मेडिकल कॉलेजात देऊन मी परत आलो, तू बेंगळूरहून चार वाजता पोचलीस, रिकाम्या कॉटकडं बघितलंस आणि म्हणालीस, "अण्णा, तुमी आईलासुदा बरणीत घातलासा." मी मोरीत जाऊन हात धूत राहिलो. तुला वाटलं असेल, हा माणूस दगड आहे.

बत्तीस वर्षं मी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत बरण्या पुसल्या. बेडूक, साप, विंचू, कोंबडीच्या अंड्यातली पिल्लं. लोक मला मास्तर म्हणत, पण मी कधी शिकवलं नाही. दर मे महिन्यात शाळा बंद असताना मी एकेका बरणीचं झाकण काढून फॉर्मॅलिन किती खाली आलं ते बघत असे, वरनं भर घालत असे, झाकणाला मेण लावून परत बंद करत असे. डोळ्यांतनं पाणी यायचं. घरी आलो की तुझी आई मला दारातच थांबवायची, "आवं, आधी आंगूळ करा, मग पोरीला उचला." हे तुला आठवत असेल. सांगायचं एवढंच, की देहदान केलं म्हणजे पुढं काय होतं हे इतरांना माहीत नसतं. मला त्यातलं बरंच माहीत आहे. म्हणून मला भीती वाटते. फॉर्म भरला तेव्हा वाटली नव्हती. ती गेल्यावर वाटायला लागली. आणि माझ्याही पाकिटात देहदानाचं तसलंच कार्ड आहे.

पुष्पविलास तुला आठवतो का? तू दुसरीत होतीस. आमच्या हायस्कूलची सहल होती, मुलींच्या सोबतीला कुणी बाईमाणूस हवं म्हणून हेडमास्तरांनी आईला चला म्हटलं आणि तू तिच्या बोटाला धरून आलीस. जहागीरदारांचा बंगला तेव्हा नुकताच म्युझियम झाला होता. खाली पालखी, तलवारी, जहागीरदारांच्या तसबिरी, आणि वर शिकारखाना, भुसा भरलेली जनावरं. त्या खोलीत खिडकीजवळ मोठ्या काचेच्या बरणीत दोन तोंडांचं वासरू ठेवलेलं होतं. मेलेलंच जन्मलेलं. तू ते बघून माझ्या पायामागं लपलीस आणि गाडीत बसेपर्यंत पाय सोडला नाहीस. आई मात्र बरणीसमोर बराच वेळ उभी राहिली. काचेवर तळवा ठेवला. मला म्हणाली, "बिचारं एक दीस बी जगलं न्हाई. पण बघा की, एवढी दंगा करणारी पोरं कशी गप उभारल्यात ह्याच्याम्होरं. शिकवतंय ते."

तुला वाटतं देहदानाचं खूळ मी तिच्या डोक्यात घातलं. तसं नाही, भागू. फॉर्म तिनंच आणला, सांगलीतल्या एका कार्यक्रमातनं. मी म्हटलं, विचार कर. तर म्हणाली, "त्या वासराला जमलं ते मला न्हाई व्हय जमणार?" मग मीही सही केली. ती एकटी जाणार हे बरं वाटेना म्हणून केली, फार मोठ्या विचारानं नाही. तिला हे कळलं होतं. हसून म्हणाली, "मी फुडं जाऊन जागा धरते. रुमाल टाकून ठेवते तुमच्या नावाचा. तुमी सावकाश या." एसटी लागली की खिडकीतनं रुमाल टाकून ती तीन जागा कशी अडवायची, तुला माहीत आहे.

आज सहलीला जायचं नव्हतं मला. आप्पासोनं नाव लिहून टाकलं. आप्पासो म्हणजे मळ्याच्या रस्त्याला राहणारा रिटायर हवालदार. तोंडाचा फटकळ पण आठवड्यातनं दोनदा येऊन बसतो. बंगल्यात शिरलो तसं मनात होतं, की वासरू काढून टाकलेलं असावं. एकतीस वर्षं झाली, कोण ठेवणार. खालच्या खोल्या बघून झाल्यावर मी जिन्यापाशी थांबलो. गुडघ्याचं कारण सांगितलं. आप्पासो म्हणाला, "चला की मास्तर. बिबट्या आता चावत न्हाई." आम्हाला माहिती सांगायला अंकिता नावाची मुलगी होती. तीही हसून म्हणाली, "काका, आत सगळा भुसा आहे. कातडं तेवढं खरं." तिचं काही चुकलं नाही, पण ते हसणं मला लागलं.

वर गेलो. वासरू तिथंच होतं, त्याच खिडकीजवळ. आणि बरणी भरलेली नव्हती. फॉर्मॅलिन पिवळं पडलं होतं आणि वरनं दोन बोटं खाली आलं होतं. एक कान पाण्याबाहेर राहिला होता. वाळून तपकिरी झाला होता आणि कडेनं तुटायला लागला होता. बाकीचं अंग होतं तसं होतं. कुणाला ते दिसतही नव्हतं. आमच्यातला एकजण बरणीशेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता.

मी अंकिताला विचारलं, ह्यात भर कोण घालतं? ती म्हणाली, "भर घालायची असते का त्यात?"

त्यानंतर बाकीचे काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही. मी जिना उतरून बागेत गेलो. बाग चांगली ठेवली आहे. कारंजं चालू होतं, मेंदीचे हत्ती-घोडे कापलेले होते, गुलाबाच्या वाफ्यांना पाणी सोडलं होतं. मागच्या बाजूला चाफ्याखाली जहागीरदारांच्या कुत्र्याची समाधी आहे. संगमरवरी दगड, त्यावर नाव आणि साल. कुणीतरी दोन फुलं वाहिली होती. मी तिथल्या बाकावर बसलो. एकच गोष्ट डोक्यात होती. तिथं मिरजेला भर घालणारं कुणी आहे का? मे महिन्यात कुणी बघतं का? तिच्या जवळून जाताना कुणी अंकितासारखं हसत असेल का?

तुझ्या आईचं सावडायला काही नव्हतं. लोक तिसऱ्या दिवशी आले आणि नुसते बसून गेले. कुत्र्याला दगड आहे. मी फूल नेऊन ठेवीन म्हटलं तर कुठं ठेवू? हा विचार मनात आला आणि लाज वाटली. तिला हे आवडलं नसतं.

आप्पासो शोधत आला. माझ्याकडं बघून आधी शेंगा पुढं केल्या. मग दगडाकडं बघून म्हणाला, "कुत्र्याचं नशीब बघा मास्तर. आमची सून आमच्या फोटोला हार तरी घालंल का न्हाई, खात्री न्हाई." मी हसलो नाही. तेव्हा म्हणाला, "वैनींचं आठवलं व्हय? तुमी लय भ्यालायसा गड्या." मी हो म्हटलं. तुझी आई गेल्यापासून हे मी कुणापुढं कबूल केलं नव्हतं. त्यानं विचारलं, "कशाला भ्यालाय? त्यास्नी दुखत असंल म्हणून?" मी म्हटलं, दुखत नाही हे मला माहीत आहे. "मग?" ती एकटी आहे म्हणून, असं मी म्हटलं. तो टरफलं खिशात भरू लागला, कारण तिथं कचरा टाकू नये अशी पाटी होती.

मग आम्ही दोघं परत आत गेलो. लालासाहेब म्हणून तिथले व्यवस्थापक आहेत. त्यांना मी बरणीचं सांगितलं. एक भाग फॉर्मॅलिन, नऊ भाग पाणी, झाकणाला मेण, खोलीच्या खिडक्या उघड्या, हे सगळं कागदावर लिहून दिलं. अक्षर वाकडं आलं. त्यांनी नीट वाचलं. म्हणाले, "आवं, आमच्यात हे करणारं कोण न्हाई. सामान आणून ठेवतो, तुमीच या की एक दीस." मी बघतो म्हणालो. गाडीत बसल्यावर आप्पासो म्हणाला, "बघतो काय? जायाचं. मी येतो संगं, बरणी धरायला."

आता डोळे दुखायला लागले. उरलेलं सकाळी लिहितो.

सोमवार, सकाळ

काल लिहिलेलं आत्ता वाचलं. भागू, ज्यासाठी लिहायला बसलो ते त्यात कुठंच नाही. वासरू, बाग, आप्पासो सगळं आलं, तेवढं टाळलं. आता लिहितो.

त्या दिवशी पहाटे तुला फोन केला तेव्हा तू म्हणालीस, मी निघते, मी येईपर्यंत थांबा. मी थांबलो नाही. सहा तासांत पोचवायचं असतं, हे मी तुला नंतर सांगितलं आणि ते खरं आहे. पण पुढचं सांगितलं नाही. मिरजेला सह्या झाल्यावर तिथल्या मॅडम उठून माझ्याजवळ आल्या. मुलगी येते आहे हे मी त्यांना बोललो होतो. त्या म्हणाल्या, "त्या कितीही वाजता येऊ देत, घेऊन या. आज आम्ही थांबतो. आईचं दर्शन घेऊ देत." तू चार वाजता आलीस. सांगलीवरनं मिरजेला जायला तासभर लागला असता. तू दाराशी बसून विचारलंस, आता तोंडपण बघता येणार नाही का, आणि मी नाही म्हणून मान हलवली.

मला त्या खोलीच्या दारातनं परत आत जायची भीती वाटली. तो वास आला होता. दुसरं काही कारण नव्हतं. मी भ्यालो म्हणून तुला तुझ्या आईचं तोंड बघायला मिळालं नाही. तू मला जे बोललीस ते बरणीपुरतं चुकीचं होतं, पण मला ते कमीच होतं. याची माफी फोनवर मागता येण्यासारखी नव्हती. पत्रातही येत नाही, तरी मागतो.

आणि एक. माझं कार्ड मी गेल्या महिन्यात रद्द करायला निघालो होतो. मिरजेच्या स्टँडवर उतरलो, चहा घेतला, परतीच्या गाडीत बसलो. कार्ड पाकिटात तसंच राहिलं. तिनं जागा धरून ठेवली आहे, दुसऱ्या गाडीत कसा बसू? माझी भीती गेलेली नाही. शेवटी मी भिऊन काहीबाही बोलेन, नको म्हणेन. ते ऐकू नकोस. हे पत्र खरं धर. पण घाई करू नकोस. त्यांना सांग, थांबा. आत ये, हवा तेवढा वेळ बस, तोंड नीट बघ, आणि मग दे. आणि त्यांना विचार, भर कोण घालतं. ते सांगतील. मी विचारायला भ्यालो, तू भिणार नाहीस. लहानपणी माझ्या पायामागं लपायचीस, पण मान बाहेर काढून बघायचीस.

गुरुवारी आप्पासोबरोबर साताऱ्याला जातो आहे. जुने हातमोजे सापडले.

नळाला पाणी आलं. गाळायचं फडकं आई नळाला दुहेरी करून बांधायची, माझ्याकडनं अजून घसरतं. आज चार पदरी करून, वरनं सुतळी बांधून बघतो.

तुझाच,
अण्णा