अण्णा, ती नक्कल तुमचीच होती

अण्णा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडलं. 'प्रिय' लिहिलं, तेही खोडलं. तुम्हाला प्रिय म्हणायचा हक्क मी कधीच घालवून बसलेय. म्हणून नुसतं अण्णा.

काल मेसच्या बाहेरच्या फळ्यावर स्नेहसंमेलनाची यादी लागली. सातव्या नंबरवर माझं नाव. पुढं कंसात लिहिलंय, 'साडीवाले अण्णा'. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आमचं शेवटचं वर्ष, म्हणजे मी करणारच, असं सगळ्यांनी धरलेलं. तुम्ही जाऊन आठ महिने झाले. आणि फळ्यावर तुम्ही होतात, खडूने लिहिलेले!

यादी लिहिणाऱ्यांची चूक नाही. साडीवाले अण्णा म्हणजे माझे वडील, हे इथं रत्नागिरीत कुणालाच माहीत नव्हतं. मी माहीत होऊ दिलं नव्हतं.

तुम्हाला आठवतं का, बारावीनंतर आपण दोघं सायबर कॅफेत फॉर्म भरायला गेलो होतो? सोलापुरातच बी.एस्सी. करता आलं असतं. मी तुम्हाला सांगितलं, मत्स्यविज्ञान समुद्राजवळच शिकता येतं, नाहीतर ह्या विषयात काही अर्थ नाही. ते अर्धंच खरं होतं. मला विषयापेक्षा लांब जायचं होतं. भवानी पेठेतली ती एक खोली, घरापुढं ओळीनं मांडलेल्या घागरी, संध्याकाळी तुमच्या अंगाला येणारा कोऱ्या कापडाचा वास, सगळ्यापासून लांब. नकाशात सोलापूरपासून समुद्रापर्यंत बोट फिरवलं, आणि जिथं जमीन संपली ते गाव पहिल्या नंबरला टाकलं.

तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "कॉलेजपासनं समुद्र किती लांब हाय गं?"

घरी केवढा गोंधळ! आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि पोरगी मासे शिकणार! टेंभुर्णीहून मोठी आत्या भांडायला आली. तुम्ही शांतपणे तिला म्हणालात, "अक्का, ती मासं खायाला न्हाय, शिकायला चाललीय." मी फडताळाच्या दाराआड तोंडावर हात दाबून हसत होते. तुमच्या बोलण्यावर मी पहिल्यांदा हसले ते प्रेमाने, अण्णा. हे तरी माना.

मला सोडायला तुम्ही एसटीने आलात. रात्रभर बसून. होस्टेलवर ट्रंक ठेवली, परतीच्या गाडीला वेळ होता, तर म्हणालात, "चल, समुद्र बगू." भाट्याच्या पुळणीवर तुम्ही चपला हातात घेतल्या, पँट दोन घड्या वर दुमडली. लाट पायाशी आली तसे दचकून मागं सरलात आणि हसायला लागलात. तुम्हाला तसं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. "एवढं पाणी, अश्वे! आन् आपल्याकडं पाचव्या दिवशी नळ!" मग वाकून एक बोट बुडवलंत, जिभेला लावलंत. "खारट हाय की खरंच!"

आणि गाडीत बसताना म्हणालात, "मला समुद्र कळला न्हाय तरी चालंल. तुला कळू दे."

पहिल्या आठवड्यात ओळखीचा तास होता. मी उभी राहून म्हणाले, "मी सोलापूरची. लई लांब हाय इथनं." मागच्या बाकावरून कुणीतरी तेच वाक्य परत म्हटलं, आणि वर्ग हसला. मग पंधरा दिवस माझं नावच 'लई लांब' झालं. मी गप्प राहायला शिकले. 'आहे', 'नाही', 'खूप' हे आरशासमोर म्हणून बघायचे. फोनमध्ये तुमचं नाव 'अण्णा' होतं, ते बदलून 'पप्पा' केलं. कुणी विचारलं तर सांगायचे, पप्पा कपड्यांच्या व्यवसायात आहेत. नवी पेठेतल्या दुकानात दिवसभर गादीवर साड्या उलगडतात, हे का नाही सांगता आलं मला?

एकदा पावसाने वीज गेली होती आणि आम्ही सगळ्या एका खोलीत बसलो होतो. प्रत्येकीने काहीतरी करून दाखवायचं ठरलं. माझी पाळी आली. मला गाता येत नाही, नाचता येत नाही. मी उठले, खांद्यावर टॉवेल टाकला, पलंगावरची चादर झटक्यात उलगडली आणि म्हणाले, "ताई, घेऊ नका, पण बगायला काय जातंय? बगा की! ही साडी नेसून माहेरी गेलात, तर भावजय जेवायची न्हाय!"

पोरी लोळायच्या बाकी राहिल्या. माझी खोलीतली मैत्रीण तन्वी, ती मालवणची, तिने डोळे पुसत विचारलं, "कोण गं हा?"

तिथं मला खरं सांगता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. मी म्हणाले, "आमच्याकडच्या बाजारातला एक सेल्समन आहे."

त्या दिवसापासून मी 'लई लांब' राहिले नाही. मला मेसमध्ये बोलावून जागा मिळू लागली. आणि संमेलनात मी स्टेजवर गेले. तुमचा पांढरा शर्ट, तो मी सुट्टीत आले तेव्हा न विचारता आणला होता. गठ्ठे उचलून उचलून तुमचा उजवा खांदा उतरलाय ना? मी तो उतरवला. चांगला हातभर. नुसतं दुकान पुरेना, म्हणून शेवटी साडीवाले अण्णा समुद्र बघायला येतात असं केलं. चपला हातात. दचकून मागं. 'पाचव्या दिवशी नळ' ह्या वाक्याला सगळ्यात जास्त हशा आला, अण्णा. बोट चाखलं तेव्हा शिट्ट्या वाजल्या. तुमचं गाडीतलं वाक्य तेवढं घेतलं नाही. त्याच्यावर कुणी हसलं नसतं.

कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं. फिरत फिरत ते नवी पेठेत पोचलं. तुमच्या मालकांच्या मुलाने दुकानातच सगळ्यांना दाखवलं. हे मला तुमच्याच तोंडून कळलं. रविवारी तुमचा फोन आला.

"बगितलं गं तुजं नाटक. लोक लई हसत होते."

मी फोन घेऊन खोलीबाहेर आले. "अण्णा, राग आला का?"

"न्हाय न्हाय. चांगलं केलंस की. आवाज बी बरोबर काडलास." मग म्हणालात, "फकस्त खांदा लईच खाली घेतलास. एवढा पडलाय व्हय माझा?"

मी काय म्हणाले, आठवतंय? "नाटकात वाढवावं लागतं, अण्णा." एवढंच! आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, की चला, रागावले नाहीत.

का नाही रागावलात? एक शिवी हासडायची होती. 'घरी ये, शिक्षण बस्स' म्हणायचं होतं. तुम्ही चांगलं म्हणालात म्हणून मला वाटलं, चाललं. दुसऱ्या वर्षी पुन्हा फर्माईश आली आणि मी पुन्हा केलं. खांदा थोडा कमी उतरवला, आणि तेवढ्यावर माझं मन मानलं. ह्याच्याइतकी लाज मला कशाची वाटत नाही.

त्या दिवाळीला घरी आले, तर तुम्ही चालताना अंग ताठ धरत होतात. आईला वाटलं, पाठ धरलीय. फोनवर तुमचं बोलणंच बदललं. "मी ठीक आहे. तू जेवलीस का? पाऊस आहे का?" आहे! तुमच्या तोंडात 'आहे'! शाळेतल्या पोरानं धडा वाचावा तसं. मला ते कळलं, अण्णा. कळलं आणि, आता खरं लिहितेय, थोडं बरंही वाटलं. शेजारी तन्वी असली तरी स्पीकर चालू ठेवता यायचा.

तिसऱ्या वर्षीही मी तेच केलं. त्या संमेलनानंतर तुम्ही म्हणालात, "दोन दिवस रजा मिळते आहे. समुद्र परत बघावा म्हणतो." मी म्हणाले, परीक्षा आहे. परीक्षा नव्हती. तुम्ही होस्टेलच्या दारात उभे राहून एक वाक्य जरी बोलला असतात, तरी पोरी ओरडल्या असत्या, साडीवाले अण्णा आले! मग मला सांगावं लागलं असतं.

"बरं, परीक्षा महत्त्वाची," म्हणालात.

मे महिन्यात दुकानातच तुमच्या छातीत कळ आली. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं खाली माना घालून बसली होती. इकडे होस्टेलवर सगळ्यांना कळलं, अश्विनीचे पप्पा गेले. तन्वीने मला कुशीत घेतलं. तिला कुठं माहीत, ती कुणासाठी रडतेय?

तेराव्याला तुमच्या शेजारच्या गादीवरचे रफीकचाचा आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटी, एक बात बोलूं? वो व्हिडिओ देखे बाद तेरे अण्णा गिऱ्हाईक से बातच नै करते थे. नुसती साडी खोल के रखते. मालिक बोलते, अण्णा, बोलो कुछ. तो बस हसते." त्यांनी मला दोष दिला नाही. रागाने बोललेही नाहीत. मी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने आत गेले आणि ते जाईपर्यंत बाहेर आले नाही. त्यानंतर जितक्यांदा सोलापूरला आले, नवी पेठ टाळून लांबच्या रस्त्याने गेले.

आज सकाळी नाश्त्याला सगळ्या एका टेबलावर होतो. संमेलनाची सेक्रेटरी म्हणाली, "यंदा अण्णांना बोटीत बसव ना!" मी म्हणाले, "ते माझे वडील होते."

कुणाला कळेना. मी परत म्हणाले. सगळं सांगितलं, सेल्समन, पप्पा, परीक्षा, सगळं. तन्वीने हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "तीन वर्षं तू आम्हाला त्यांच्यावर हसायला लावलंस? आणि आम्ही हसलो?" ती ताट तसंच ठेवून उठून गेली. बरोबरच केलं तिने. माझी लाज मी तिच्याही वाट्याला दिली होती. दुपारी जाऊन मी फळ्यावरचं नाव पुसलं.

पण इथं सांगून भागत नाही, हे मला कळतंय. इथली माणसं तुम्हाला ओळखत नव्हती. तुमची मान खाली गेली ती नवी पेठेत, ज्यांच्याबरोबर तुम्ही रोज डबा खात होतात त्यांच्यासमोर.

म्हणून परवाच्या गाडीने मी सोलापूरला येतेय. संमेलनाला मी नसेन. आधी घरी आईला सांगेन, मग दुकानात जाईन. दुकान रिकामं व्हायची वाट बघणार नाही. मालकांसमोर, त्यांच्या मुलासमोर, रफीकचाचांसमोर, गिऱ्हाईक असेल तर त्याच्यासमोर सांगेन, की माझ्या बापानं मला समुद्रापर्यंत नेऊन सोडलं आणि मी त्याचीच थट्टा करून तिथं जागा मिळवली. माफी मागेन. नाटक करणार नाही. आवाज फुटला नाही तर फुटेपर्यंत उभी राहीन, पण न बोलता परत फिरणार नाही, अण्णा. हे वचन.

तुमची अपराधी,
अश्वी