नवमीला काढलेला पंप

चौल, २८ सप्टेंबर

चि. निवेदितास,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक असं लिहायची पद्धत आहे, पण दादा ठीक नाहीत, म्हणून ते लिहीत नाही. पाऊस ओसरला. सुपारीची गळ यंदा जास्त आहे. तुझी छत्री इथेच राहिली.

फोन तू उचलत नाहीस. तेरा वेळा केला.

आईच्या अविधवा नवमीला तू दादांचा पंप काढलास. दहा वाजून वीस मिनिटांनी. गुरुजी म्हणाले, "शिवलेली पिशवी न् पट्टा सोवळ्यात चालायचा नाही," आणि तू, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी बाई, "अर्ध्या तासाचा तर प्रश्न" म्हणून मोकळी झालीस! मी मागे वाडीत केळीची पानं कापत होतो. हाक मारायला काय झालं होतं? धुतलेल्या पंच्याच्या घडीत पंप बांधून दिला असता. दोन मिनिटांचं काम.

आपल्या वडिलांच्या पोटाला भोक पाडून बसवलेली ती नळी पार लहान आतड्यात जाते. पार्किन्सनच्या गोळ्या पुरेनाशा झाल्या, म्हणून सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत पंप तिच्यातून घट्ट औषध ढकलत असतो. पंप काढला की नळी पाण्याने धुवायची, नाहीतर औषध आत चिकटतं. हे मी तुला गणपतीत दोनदा सांगितलं, वहीत आकृती काढून. तू हसलीस. "भाऊ, तू दादांना विहिरीवरची मोटर करून टाकलंयस."

असेन मी मोटरवाला. दहावी नापास. पण त्याच मोटरवाल्याने पंपाचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन पानन् पान वाचलं, आणि आठ महिने एकदाही अलार्म वाजू दिला नाही. दादा आपल्या हाताने दाढी करायला लागले होते. ऑपरेशनला होकार देताना त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं होतं, "नवमीला हात चालेल ना?" तुला हे माहीत नव्हतं, कारण तू तेव्हा पेपर तपासत होतीस.

तुझ्या अर्ध्या तासाचे दोन तास दहा मिनिटं झाले. पिंड उचलायला पुढे केलेला हात मध्येच थांबला तो थांबलाच. पाटावरून त्यांना चौघांनी उचललं.

मग मी तुला गुरुजींच्या आणि पाहुण्यांच्या देखत बोललो. "चालती हो" म्हणालो. आईच्या दिवशी तू न जेवता निघून गेलीस.

इथवरचं पत्र कालही लिहिलं होतं. दादांनी वाचलं आणि परत दिलं. सध्या पुन्हा गोळ्यांवर आहेत. दिवसातले दोन-तीन तास बरे जातात, तेवढ्यात बोलून घेतात.

"पुढचं?" म्हणाले.

"पुढचं काय?"

"मी शुद्धीवर होतो रे. नुसता हलत नव्हतो."

तर पुढचं. तू गेल्यावर पंप जोडला, तो ओरडायला लागला. नळी तुंबली होती. फ्रिजच्या दारावर पंपवाल्या क्षिप्रा सिस्टरचा नंबर आहे, त्याखाली माझ्याच अक्षरात लिहिलंय: कोमट पाणी हलक्या हाताने, नाही उघडली तर फोन, आत काही खुपसायचं नाही. मी पाणी घातलं. उघडली नाही. फोन केला नाही. आठ महिन्यांनी माझ्या हातात अलार्म वाजला, हे त्या पोरीला सांगायचं जिवावर आलं. वाडीतल्या ठिबकच्या नळ्या मोकळ्या करतो ती बारीक तार आणली, उकळली आणि आत घातली. दादा डोळ्यांनी नको म्हणत होते. मला ते दिसत होतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी आतली नळी काढून दाखवली. चिरलेली. "हे कोणी केलं?"

मी म्हटलं, "नवमीला बहीण आली होती. तिने पंप काढला."

शब्दन् शब्द खरा. त्यांनी कागदावर लिहिलं, मुलीला पंपाला हात लावू देऊ नये. मी त्या कागदाची घडी केली आणि खिशात ठेवला.

नवी नळी सहा तारखेला बसायची आहे. दादा म्हणतात, "मी गाडीत बसत नाही. आधी त्या कागदावरून निवीचं नाव काढ." काल उंबऱ्यापाशी पाय चिकटले, पाऊण तास तसेच उभे होते. मी हात पुढे केला. घेतला नाही.

माझा राग गेलेला नाही. तू मला हाक मारायला हवी होतीस, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण तुझ्यामुळे नळी नुसती तुंबली. फोडली मी. डॉक्टरांना तुझ्यासमोर सांगेन, अक्षर न वगळता. पाच तारखेला संध्याकाळी इकडे ये. जेवायलाच ये.

दादांनी हे वाचलं. पाकिटावर तुझा पत्ता स्वतः लिहायला बसलेत. बावीस मिनिटं झाली, अजून पुण्यापर्यंत पोचले नाहीत. मी मध्ये हात घालत नाही.

तुझा भाऊ,
दत्ता मोटरवाला